बांध नसलेलं गाव

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यात, शेरवूडच्या जुन्या जंगलापासून जवळच, लॅक्सटन हे शेतकऱ्यांचं छोटं गाव आहे. एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना लाल विटांची शेतघरं, सेंट मायकेलचं चर्च, ‘डव्हकोट इन’ हा गावचा पब, आणि उत्तरेला गवतानं झाकलेला नॉर्मन किल्ल्याचा उंचवटा. हे सगळं इंग्लंडमध्ये इतरत्रही दिसतं. पण इतर गावांत शेतकऱ्याचं घर बहुधा गाव सोडून त्याच्या शेतात गेलेलं असतं. इथे घरं गावातच राहिली, कारण शेत एका जागी नाही. घरांच्या मागे वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन अफाट शिवारं पसरली आहेत. त्यांना आत कुंपण नाही, झुडपांची रांग नाही, बांधही नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही शिवारांत विखुरलेल्या. एका शिवारात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पूर्वी विश्रांतीला असे, आता चाऱ्याला. पुढच्या वर्षी क्रम एक घर पुढे सरकतो.

मध्य इंग्लंडचा फार मोठा भाग एके काळी असाच कसला जाई. मग कुंपणबंदी आली, म्हणजे विखुरलेल्या पट्ट्या जोडून ज्याच्या त्याच्या शेताला कुंपण घालणं. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेनं त्यासाठी ५,२०० हून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांखाली गेली. खुल्या शेताचे अवशेष आणखी मोजक्या ठिकाणी सापडतात. पण खुलं शेत आणि त्यावर देखरेख करणारी गावची न्यायसभा, दोन्ही एकत्र चालू आहेत ती लॅक्सटनमध्येच.

माझे मामा धुळे जिल्ह्यातले, पांझरेच्या काठचे. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. साखळी ओढून आणि हद्दीचे दगड रोवून निवृत्त झाले. नॉटिंगहॅमला माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना लॅक्सटन दाखवलं. तिथे आमचा जो वाद सुरू झाला तो घरी परतल्यावरही चालू राहिला. तो जमेल तसा खाली उतरवला आहे.

मामा : एवढ्या मोठ्या शिवारात हद्द कुठली?

मी : दोन पट्ट्यांच्या मधली सरी. आणि टोकाला खुंट्या.

मामा : सरीवर हद्द? अगं, आमच्याकडे दगड रोवूनसुद्धा बांध कोरतात. दरसाल चार बोटं. दहा वर्षांत एक तास आत. मग मोजणीचा अर्ज, मग तहसील, मग दिवाणी दावा, आणि सख्खे भाऊ एकमेकांचं पाणी पीत नाहीत.

मी : इथेही कोरतात. माणूस तोच. म्हणून तर दर नोव्हेंबरच्या अखेरीला पंच शिवार फिरतात. त्या वर्षी ज्या शिवारात गहू पेरलाय ते. पूर्वी पायी फिरायचे, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. ट्रॉलीत खुंट्या असतात. हद्द सरकलेली दिसली की तिथल्या तिथे खुंटी ठोकतात. कुणी चराची सफाई केली नाही, कुणी रस्त्याकडेचं गवत नांगरात घेतलं, ते सगळं नोंदवतात. आठवड्यानं डव्हकोटमध्ये कोर्ट लीट, म्हणजे गावची न्यायसभा, भरते. जमीनदाराचा प्रतिनिधी, त्याला स्टुअर्ड म्हणतात, तो अध्यक्ष. पंचांची नोंद वाचली जाते, दंड ठरतो, पुढच्या वर्षाचे पंच शपथ घेतात.

मामा : दंड किती?

मी : फारसा नाही. काही पौंड.

मामा : मग त्याला कोण भीक घालतो?

मी : पैशाला कुणीच घालत नाही. पण दंड कुणी केला? ज्याच्या शेजारी तुम्ही उद्या नांगर धरणार आहात त्यानं. आणि पुढच्या साली तुम्ही पंच असणार, तो तुमच्यासमोर बसणार. मामा, तुमच्या मोजणीत तुम्ही बाहेरून आलात, दगड रोवलात, निघून गेलात. इथे मोजणारा गावातच राहतो.

मामा : मोजणारा बाहेरचा असावा, हेच तर आमचं बळ होतं. मी ना पाटलाचा जावई, ना सोसायटीच्या चेअरमनचा मेव्हणा. मला दोन्ही बाजूंचं काही देणंघेणं नव्हतं. तुझे पंच तर रोज एकमेकांचं तोंड बघणार. मोठ्या शेतकऱ्याच्या पट्टीत खुंटी ठोकायला लहान शेतकऱ्याचा हात उचलेल?

हा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो. उत्तर एवढंच देता येतं की पंच एकटा फिरत नाही, सगळे एकत्र फिरतात, एकाच दिवशी, उघड्यावर, आणि मुख्य पंचाच्या वहीत ते उतरतं. एकट्याच्या हाताला जे जमणार नाही ते बारा जणांच्या फेरीला जमतं. मामांना ते पूर्ण पटलं नाही.

मामा : बरं, ते राहू दे. मुळात या चिंध्या कशासाठी? माझ्या उमेदीतली कितीतरी वर्षं एकत्रीकरण योजनेत गेली. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा. एकेका खातेदाराचे सात ठिकाणी सात तुकडे, ते अदलाबदल करून एका गटात आणायचे. लोकांनी शिव्या दिल्या, पण ज्यांचं नीट झालं त्यांनी विहीर खणली. सात तुकड्यांत सात विहिरी कोण खणणार? आणि हे आम्हाला शिकवलं कुणी? साहेबांनीच. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान, त्यांनी पिंपळे सौदागर गावाचा तुकडा न् तुकडा तपासून १९१७ साली पुस्तक लिहिलं. तुकडे पडणं हा शेतीचा रोग आहे, हे त्यात दाखवलं. आणि त्यांच्याच देशात हे गाव तो रोग जपून ठेवतंय!

मी : मान यांनी पाहिलेले तुकडे वाटण्यांमधून पडलेले होते. बापाच्या पट्टीचे चार भाऊ चार भाग करतात, तसे. इथल्या पट्ट्या मुळात विखरून दिलेल्या आहेत. ही जमीन चिकणमातीची. पावसाळी साल आलं की सखल पट्टी कुजते, कोरड्या साली उंचावरची करपते. एकाच जागी सगळी जमीन असली तर एखाद्या साली घरात दाणा नाही. विखुरलेल्याला दरसाल थोडं तरी मिळतं. डीअर्डरे मॅक्लॉस्की या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात हाच मुद्दा आकडेमोडीनं मांडला : विखुरलेल्या पट्ट्या म्हणजे पिकाचा विमा, आणि चालत जाण्यात वाया गेलेला वेळ हा त्याचा हप्ता.

मामा : विमा कळतो. हप्ता जास्त होता का, ते सांग.

मी : त्यावरच तर भांडण आहे. कुंपणबंदीच्या बाजूचे म्हणायचे, खुल्या शेतात सुधारणा होऊच शकत नाही. सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, मग नवं करून बघणार कोण? पण रॉबर्ट ॲलन यांनी दक्षिण मिडलंड्सच्या गावांचा अभ्यास १९९२ साली छापला. त्यांचा निष्कर्ष असा, की धान्याच्या उताऱ्यातली मोठी वाढ खुल्या शेतांतल्या मध्यम शेतकऱ्यांनीच आधी करून दाखवली होती. कुंपणबंदीनं मुख्यतः वाढला तो जमीनदाराचा खंड.

मामा : वाढणारच. मोजणी झाली की खंड वाढतो. आमच्या रयतवारीतही तेच झालं. यांची मोजणी कधीची?

या प्रश्नानं मला फार आनंद झाला, कारण लॅक्सटनची मोजणी हा या गावाच्या इतिहासातला सगळ्यात श्रीमंत ठेवा आहे. १६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या भूमापकानं गावाचा प्रचंड नकाशा आणि सोबत पट्टीवार नोंदवही तयार केली. दोन हजारांहून अधिक पट्ट्या त्यात एकेक करून दाखवल्या आहेत. नुसत्या रेषा काढून पिअर्स थांबला नाही. त्यानं शिवारात औत धरलेली माणसं काढली, कापणी करणाऱ्या टोळ्या काढल्या, शिकारी काढले. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलीयन ग्रंथालयात आहे. मामांनी त्याची प्रत पाहिली तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी पट्ट्यांच्या वाकड्या कडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, नांगर वळवायला जागा लागते म्हणून हा बाक, यानं शेतात उभं राहून मोजलंय.

मी : आणि मोजणी करवली कुणी माहीत आहे? सर विल्यम कोर्टन. लंडनचा व्यापारी, गावाचा त्या वेळचा जमीनदार. बार्बाडोसच्या पहिल्या इंग्रज वसाहतीमागे त्याचा पैसा होता. आणि ज्या १६३५ साली हा नकाशा झाला त्याच सालाच्या शेवटी राजा पहिल्या चार्ल्सनं कोर्टनच्या मंडळीला हिंदुस्थानशी व्यापार करायची परवानगी दिली, ईस्ट इंडिया कंपनीला डावलून. जॉन वेडेल त्यांची जहाजं घेऊन १६३६ मध्ये गोव्याला पोचला. कारवारला त्यांची वखार १६३८ ची. कोर्टन स्वतः मात्र १६३६ मध्येच वारला.

मामा : म्हणजे इकडे गव्हाची पट्टी मोजायची आणि तिकडे मिरीचं गलबत भरायचं, हे एकाच माणसाच्या हिशेबात.

मी : एकाच माणसाच्या. म्हणून मला या गावाला कुणी ‘जगापासून दूर राहिलेलं खेडं’ म्हटलं की राग येतो. हे गाव कधीच दूर नव्हतं. १०८६ च्या डूम्सडे मोजणीत त्याची नोंद आहे. शेरवूडच्या राजवनाचे वंशपरंपरागत रक्षक इथल्या किल्ल्यात राहात. चर्चमध्ये त्या एव्हरिंगहॅम घराण्यातल्या एका स्त्रीचा चौदाव्या शतकातला लाकडी पुतळा आहे. राजा, व्यापारी, संसद, सगळ्यांचे हात इथे पोचले.

मामा : मग कुंपणबंदीचाच हात कसा नाही पोचला?

मी : थोडा पोचला. १६३५ मध्ये चार खुली शिवारं होती. चौथं, ईस्ट फील्ड, पुढे कुंपणात गेलं. बाकीची वाचली, त्याला इतिहासकार साधी कारणं देतात. जमीन दोन मोठ्या घराण्यांत विभागलेली, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कार्बरो. दोघांचं जुळेना. कुंपणबंदीला खर्चही फार. मग १८७० नंतर शेतमालाचे भाव कोसळले आणि तो खर्च करायची इच्छा कुणाला उरली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्सनं पट्ट्यांची फेरवाटणी करून त्या रुंद केल्या, संख्या कमी केली. म्हणजे तुमचं एकत्रीकरण, अर्ध्यावर थांबवलेलं.

मामा : बघ, हेच मी म्हणतो. गावानं ठरवलं म्हणून हे टिकलं नाही. दोन जमीनदारांचं पटलं नाही म्हणून टिकलं. आणि कसणारे सगळे कुळं?

मी : जवळजवळ सगळी कुळंच. १९५२ साली सहाव्या अर्ल मॅनव्हर्सनी गाव शेतकी मंत्रालयाला विकलं, खुली शेती जपायची म्हणून. १९८१ मध्ये ते राजसत्तेच्या मिळकती सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेलं. २०२० मध्ये क्राउन इस्टेटनं ते थोरस्बी इस्टेटला विकलं. थोरस्बी म्हणजे मॅनव्हर्सचीच जुनी गादी.

मामा : आमच्याकडे १९४८ चा कूळकायदा झाला. कसेल त्याची जमीन. माझ्या वडिलांच्या नावावर सातबारा त्याच कायद्यानं लागला. तो उतारा आईनं पेटीत कसा ठेवला होता ते मी पाहिलंय. इथे नऊशे वर्षांची नोंद आहे, आणि कसणाऱ्याच्या नावावर काय? काहीच नाही. शिवार एका मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. मग खुंटी ठोकायचा अधिकार घेऊन करायचं काय?

मी गप्प राहिले, कारण माझ्या आजोबांच्या त्या उताऱ्याविषयी मीही ऐकलं आहे. लॅक्सटनवर प्रेम करणाऱ्यांनी हा प्रश्न टाळता कामा नये. या गावाचं कौतुक बहुधा बाहेरचे लोक करतात, आणि बाहेरच्यांना खंड भरावा लागत नाही.

मी : पण मालकी मिळाली म्हणून शेजार मिळतोच असं नाही ना, मामा. तुम्हीच सांगितलंत, सख्खे भाऊ पाणी पीत नाहीत. आणि तुमच्या पांझरेवर फड पद्धत होतीच की. शिवाराचे तीन-चार फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, प्रत्येकाची जमीन शक्यतो प्रत्येक फडात, पाणी द्यायला पाटकरी, वर पंच. हे लॅक्सटनच आहे.

मामा : अगं, ते पाण्यासाठी होतं. बंधाऱ्याचं पाणी एकट्याला वळवता येत नाही. पाट एक, पाळी एक, म्हणून पीक एक. वर धरण झालं, ज्याच्या त्याच्या शेतात विहीर झाली, आणि फड सैल पडले. गरज संपली की रीत संपते. इथे गरज कसली होती?

मी : जनावरांची. कापणी झाली की अख्खं शिवार चरायला मोकळं. ठरावीक घरांची ठरावीक जनावरं. त्यांचं शेण तिथेच पडायचं. कुणी मधेच वेगळं पीक उभं ठेवलं तर जनावरं सोडता येणार कशी? म्हणून सगळ्यांचं एक पीक, एकाच वेळी कापणी. चुकार जनावर कोंडवाड्यात घालायला गावचा पिंडर असे.

मामा : आणि आता चरायला कोण सोडतं?

मी : आता जवळपास कुणीच नाही.

मामा : खत पोत्यातून येतं. पड ठेवायचीही गरज नाही.

मी : पड गेलीच. तिसऱ्या शिवारात आता चारा घेतात. न्यायसभेनंच तो नियम बदलला.

मामा : मग फडाचं जे झालं तेच इथे व्हायला हवं होतं. गरज गेली, रीत उरली. ही शेती राहिली नाही, जतन झालं.

मी : पूर्ण गेली नाही. चिकणमातीत पाणी साचतं. चर सगळ्यांचे जोडलेले. वरच्यानं चर उपसला नाही तर खालच्याचा गहू बुडतो. तुमच्याकडे पाणी मिळवण्यासाठी एकत्र यावं लागलं, इथे पाणी घालवण्यासाठी. आणि शिवारात नांगर चालत नाही अशा ओल्या, उताराच्या जागा आहेत, त्यांना साइक म्हणतात. ते सामाईक गवत. दर उन्हाळ्यात गावात त्याचा लिलाव होतो. कधीच नांगरलेलं नाही, म्हणून जुन्या कुरणातली रानफुलं तिथे टिकली. त्या साइकना आज निसर्गसंरक्षणाचा दर्जा आहे. पंच नोंद घेतात ती बहुतेक वेळा हीच, कुणाचा नांगर साइकमध्ये शिरला.

मामा : हे पटतं. सामाईक गवत कुणाचंच नसलं की आधी नांगरलं जातं. आमची गायरानं तशीच गेली.

मी : गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये हेच सर्वत्र होणार असं लिहिलं : कुरण सगळ्यांचं असेल तर प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडणार आणि कुरण संपणार. त्यांनी ते कुरण कल्पनेतलं घेतलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम खरी कुरणं, खरे पाट, खऱ्या मच्छीमार वस्त्या बघत गेल्या आणि १९९० च्या पुस्तकात दाखवलं, की जिथे नियम गावकऱ्यांनी केले, देखरेख गावकऱ्यांनीच केली आणि दंड लहानापासून चढता ठेवला, तिथे सामाईक गोष्टी शतकानुशतकं टिकल्या. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. काही पौंडांचा दंड का पुरतो, याचं उत्तर तिथे आहे.

मामा : नियम गावकऱ्यांनी केले म्हणतेस. कुठल्या गावकऱ्यांनी? पट्टी असणाऱ्यांनी. ज्याला पट्टीच नाही, जो दुसऱ्याच्या शेतात राबतो, तो पंचांत होता? संविधान सभेत बाबासाहेब गावाबद्दल काय बोलले ते तू वाचलं आहेस. पंचांची एकी ज्याच्यावर चालते त्याला ती एकी वेगळी दिसते.

मी : वाचलं आहे. आणि इथेही शेतमजुराला मान नव्हता, ते मी नाकारत नाही. पण त्याच्याकडे एखादी गाय असायची, सामाईक जागेवर चरणारी, कापणीनंतर लोंब्या वेचायची मुभा असायची. कुंपणबंदीनं पहिला घाव त्याच्यावर घातला. आर्थर यंग हे कुंपणबंदीचे मोठे प्रचारक, देशभर फिरून त्यांनी तिचा पुरस्कार केला. त्याच यंगना १८०१ मध्ये लिहावं लागलं की गरिबाची गाय गेली आणि बदल्यात त्याला काही मिळालं नाही. हेल्पस्टन गावचा मजूर कवी जॉन क्लेअर पंधरा-सोळा वर्षांचा होता तेव्हा, १८०९ मध्ये, त्याच्या गावच्या कुंपणबंदीचा कायदा झाला. त्याची पुढची कितीतरी कविता त्या गेलेल्या माळाविषयी आहे. आणि बाबासाहेबांचंच घ्यायचं तर १९१८ चा त्यांचा लहान शेतांवरचा निबंध घ्या. नुसतं क्षेत्र मोठं केलं की शेती सुधारते, हे त्यांनी मान्य केलं नव्हतं. जास्तीच्या माणसांना शेतीबाहेर काम नसेल तर तुकडे जोडून काय होणार, हा त्यांचा प्रश्न होता.

मामा : तो प्रश्न मला नोकरीत कुणी विचारला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांचे तुकडे जोडले त्यांची मुलं आज पुण्यात आहेत. आणि मान साहेबांच्या पिंपळे सौदागरात आता टॉवर आहेत.

मी : इथल्या मुलांनाही शहर आहेच. शेतकऱ्यांची संख्या घटत आली आहे. पंच व्हायला माणसं उरली पाहिजेत, हीच मोठी काळजी.

मामा : मग एक सांगतो, मोजणीदाराचं म्हणणं म्हणून ऐक. गाव विकत घेताना प्रत्येक मालक म्हणाला, आम्ही शिवार जपू. शिवार जपणं सोपं आहे, ते पळून जात नाही. कसणारा जपायला हवा. एवढे पंच आहेत, सभा आहे, १९७७ मध्ये संसदेनं असल्या जुन्या सभांचे अधिकार काढून घेतले तेव्हाही हिला राखलं असं तू म्हणालीस. मग त्या सभेला खंड ठरवण्यातही बोलू दे. नव्या पोराला पट्टी द्यायची की नाही, तेही तिला ठरवू दे.

मी : तो अधिकार तिला १६३५ मध्येही नव्हता, मामा.

मामा : ठाऊक आहे. नकाशा कुणी करवला ते तूच सांगितलंस. म्हणून तर आता द्यावा म्हणतोय.